व्होल्वो २४०: गरम झाल्यावर बंद पडते आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते

त्रास असा असतो. सकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते, वीसेक किलोमीटर सुरेख चालते आणि मग सिग्नलला किंवा भर हायवेवर इंजिन बंद पडतं. सेल्फ मारला की इंजिन जोमाने फिरतं, पण पेटत नाही. अर्धा-पाऊण तास उभी ठेवली की काही झालंच नव्हतं अशी सुरू होते. मेकॅनिककडे नेईपर्यंत ठणठणीत झालेली असते, त्यामुळे त्यालाही काही सापडत नाही. आठवडाभराने पुन्हा तेच.

इकडे स्वीडनमध्ये २४० अजून रस्त्यावर दिसते आणि गोथेनबर्गला नोकरीसाठी आलेल्या आपल्या मंडळींपैकी काही जण हौसेने ती घेतातही. अमेरिकेतल्या मराठी घरांमधूनही या गाडीबद्दल विचारणा होते, आणि दहातल्या बहुतेक वेळा तक्रार हीच असते. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आधी तुमची गाडी कोणती ते पाहा. खालचं बहुतेक सगळं बॉशच्या एलएच-जेट्रॉनिक २.४ इंजेक्शनच्या (कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या यंत्रणेच्या) गाड्यांना लागू आहे, म्हणजे साधारण १९८९ ते १९९३ या मॉडेलांमधलं बी२३०एफ इंजिन. बॉनेट उघडल्यावर डाव्या बाजूला, सस्पेंशनच्या घुमटामागे, झाकण असलेला एक छोटा काळा डबा आणि त्यात लाल दिवा व बटण दिसलं, तर तुमची गाडी याच गटातली. त्याआधीच्या गाड्यांबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे. कार्ब्युरेटरवाल्या गाडीचं दुखणं वेगळं असतं, त्यात इथे शिरत नाही.

अंदाजपंचे पार्ट बदलू नका

ओळखीतल्या एका कुटुंबाच्या १९९१ च्या इस्टेटला (मागे सामानाची लांब जागा असलेल्या २४० ला) स्पार्क प्लग, कॉइल, डिस्ट्रिब्युटरचं झाकण, प्लगच्या वायरी आणि शेवटी अख्खा फ्युएल पंप, असं सगळं नवं बसवून झालं होतं. वर्कशॉपचं बिल गाडीच्या किमतीच्या जवळ पोहोचलं आणि गाडी तरीही बंद पडतच राहिली. त्या जुन्या पार्टांपैकी एकही खराब नव्हता. दोष ग्लोव्ह बॉक्समागच्या रिलेत (विजेने चालणाऱ्या स्विचमध्ये) होता आणि तो काडेपेटीएवढ्या जागेत, एका पिनेभोवती होता.

अधूनमधून येणारा दोष फक्त तो हजर असतानाच सापडतो. गाडी बंद पडली की पहिली दहा मिनिटं सोन्यासारखी असतात. त्या वेळी टोइंगवाल्याला फोन लावण्याआधी एकाच प्रश्नाचं उत्तर मिळवायचं: गेलं काय, स्पार्क की पेट्रोल?

त्याहीआधी, बंद कशी पडली ते आठवा. चावी फिरवावी तशी एका क्षणात बंद झाली असेल तर बहुतेक वेळा वीज तुटलेली असते: रिले, सेन्सर, फ्यूज किंवा अर्थिंग. आधी आचके दिले, जोर कमी झाला, पाय सोडल्यावर सावरली, पुन्हा आचके दिले आणि मग बंद पडली, तर पेट्रोल पुरेसं येत नव्हतं. या एका निरीक्षणाने निम्मा तपास वाचतो, म्हणून गाडी चालवणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला ते सांगून ठेवा.

पहिली चाचणी: ठिणगी

डिक्कीत एक जादा स्पार्क प्लग ठेवा. एका सिलिंडरची वायर काढून तिला हा प्लग लावायचा आणि प्लगचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवून नीट अडकवून ठेवायचा. हाताने धरायचा नाही, आणि आसपास पेट्रोलचा वास येत असेल तर ही चाचणी करायचीच नाही. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. टकटक आवाज करत निळसर ठिणगी दिसली तर स्पार्क आहे. त्याच वेळी आतल्या माणसाला टॅकोमीटरच्या, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरच्या, काट्याकडे बघायला सांगा. सेल्फ मारताना काटा किंचित थरथरला पाहिजे. तो शून्याला चिकटून बसला असेल तर संशय इग्निशनकडे वळतो.

सुरुवात स्पार्कपासून करायची त्याला कारण आहे. या गाडीत इंजिन फिरतंय अशी खूण मिळाल्याशिवाय इंजेक्शनचा कॉम्प्युटर फ्युएल पंप चालूच ठेवत नाही. अपघातात इंजिन थांबलं आणि पाइप फाटला तर पंपाने रस्त्यावर पेट्रोल ओतत राहू नये, म्हणून ही व्यवस्था. परिणाम असा की इंजिनाच्या फिरण्याची खूण देणारा सेन्सर गेला तर स्पार्कही जातो आणि पंपही थांबतो. अशा वेळी कोणी आधी पंप तपासला तर पंप मेलाय असंच वाटतं आणि चांगला पंप भंगारात जातो. स्पार्क आहे पण पंप गप्प आहे, असं असेल तरच दोष रिलेत, फ्यूजमध्ये किंवा पंपाच्या वायरिंगमध्ये शोधायचा.

पंपाचा आवाज ऐकणं सोपं आहे. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने मागच्या डाव्या दाराजवळ वाकून कान द्यायचा. मुख्य पंप गाडीखाली, मागच्या सीटच्या खालच्या बाजूला, एक्सलच्या पुढे आहे. चालू असला की घूंऽऽ असा स्पष्ट आवाज येतो.

स्पार्क आहे, पंप गप्प: रिले

सर्वांत जास्त वेळा गाडी इथेच अडकलेली असते, म्हणून इथे जरा थांबतो.

इंजेक्शनचा रिले पांढऱ्या प्लास्टिकच्या चौकोनी डबीत असतो आणि डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाड्यांमध्ये तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे सापडतो. एकाच डबीत दोन रिले आहेत: एक इंजेक्शनच्या यंत्रणेला वीज देतो, दुसरा पंपांना. पंपांचा सगळा करंट या डबीतल्या सर्किट बोर्डवरच्या सोल्डरमधून जातो. तीस-पस्तीस वर्षं रोज तापायचं, रोज थंड व्हायचं. स्वीडनच्या हिवाळ्यात रात्रभर उणे पंधरात उभी राहिलेली गाडी सकाळी हीटर लावल्यावर पाच मिनिटांत उबदार होते, आणि डॅशबोर्डमागच्या प्रत्येक जोडाला ते प्रसरण-आकुंचन सोसावं लागतं. शेवटी जाड पिनांभोवतीचं सोल्डर सुटतं. आपल्याकडचे टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे ज्याला ड्राय सोल्डर म्हणतात, तेच हे.

रस्त्यावरची तपासणी अशी: ग्लोव्ह बॉक्स बाहेर काढा, रिले हाताला लागेल. कोणीतरी सेल्फ मारत असताना रिलेवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलके टकटक करा, किंवा सॉकेटमध्ये जरा हलवा. इंजिन पेटलं तर गुन्हेगार सापडला. घरी पोहोचाल, पण टकटक हा इलाज समजू नका.

घरी रिले सॉकेटमधून काढा. कडेच्या खाचांमध्ये पातळ स्क्रू ड्रायव्हर घालून आवरण हळूच उचला, ते नुसतं अडकवलेलं असतं. बोर्ड उलटा करा, भरपूर उजेडात भिंगातून जाड पिनांचे जोड बघा. चांगला जोड चकचकीत असतो आणि सोल्डर पिनेवर चढत गेलेलं दिसतं. खराब जोडात पिनेभोवती केसाएवढी काळी गोल रेघ दिसते, बारीक अंगठीसारखी. पीन बोटाने किंचित ढकलली तर कधीकधी ती रेघेच्या आत हलताना दिसते. ही रेघ दिसली की गाडी गरम झाल्यावरच का बंद पडायची हे लगेच उमगतं: तापल्यावर फट उघडते, थंड झाल्यावर मिटते.

दुरुस्तीला साठ वॉटची सोल्डरिंग गन पुरते. आधी जुनं सोल्डर शोषून घ्या आणि मगच नवं, रोझिनवालं सोल्डर भरा. जुन्यावरच नवं थापलं तर जोड दिसायला चांगला होतो पण लवकर सुटतो. पिना जाड असल्यामुळे त्या तापायला वेळ लागतो. सोल्डर आपणहून पसरेपर्यंत थांबा, पण बोर्डावरची तांब्याची पट्टी उचलेल इतकंही नको. संशयित जोड एकच दिसला तरी सगळ्या जाड पिना करून टाका. अर्ध्या तासाचं काम आहे. नवा रिलेही मिळतो. पैशांचा प्रश्न नसेल तर नवा बसवा आणि दुरुस्त केलेला जुना गाडीत ठेवा.

रिले काढून त्याच्या सॉकेटमध्ये ३० आणि ८७/२ या जागा जाड वायरने जोडल्या तर पंप थेट बॅटरीवर चालतो. तपासणीपुरतं हे ठीक. पंप असा थेट चालवून पाहिला आणि तरीही गप्पच राहिला तर दोष एकट्या रिलेत नाही, पुढे फ्यूज आणि पंपाच्या वायरी पाहा. पण ही वायर तशीच ठेवून गाडी चालवू नका. वर सांगितलेली सुरक्षेची व्यवस्था तुम्ही त्या वायरने बंद केलेली असते, आणि या गाडीत सुरक्षेची व्यवस्था बंद करणं मला मनापासून खटकतं.

ही गाडी मुळात कशी आहे

२४० चा जन्म १९७४ चा. १९६६ सालच्या व्होल्वो १४० चा सांगाडा, पुढे १९७२ साली दाखवलेल्या प्रायोगिक सुरक्षा-गाडीतून शिकलेले धडे, आणि व्होल्वोचे डिझायनर यान विल्सगोर्ड यांची सरळ रेषांची रचना. मे १९९३ मध्ये उत्पादन थांबलं तोवर २०० मालिकेच्या २८ लाखांहून अधिक गाड्या बनल्या होत्या. अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा खात्याने १९७० च्या दशकात सुरक्षेचे निकष ठरवताना हीच गाडी समोर ठेवली होती. धुरातला ऑक्सिजन मोजून इंधनाचं मिश्रण सतत सुधारणारा लॅम्डा सेन्सर कॅलिफोर्नियासाठीच्या १९७७ च्या मॉडेलमधून प्रथम रस्त्यावर आला, तोही याच गाडीत. आज जवळपास प्रत्येक नव्या पेट्रोल गाडीत तो असतो.

घरच्या गाडीसाठी ही मला अजूनही आदर्श वाटते. चारही बाजूंना उंच काचा, त्यामुळे मागच्या सीटवरच्या लहान मुलालाही बाहेरचं दिसतं. इतकी लांब गाडी असूनही सुमारे ९.८ मीटरच्या वर्तुळात वळते. बॉनेट उघडल्यावर तर दुरुस्ती करणाऱ्याला आनंदच व्हावा. याच जागेत व्ही-६ आणि सहा सिलिंडरचं डिझेल इंजिनही बसवलं जाई, त्यामुळे उभं बसवलेलं चार सिलिंडरचं लाल बीडाचं इंजिन चहूकडून मोकळं राहतं. हात आत जातो, पाना फिरवायला जागा असते. बी२३०एफचा टायमिंग बेल्ट चालत्या गाडीत तुटला तरी व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटत नाहीत. बेल्ट बदलला की इंजिन पुन्हा सुरू. ज्यांनी ही गाडी घडवली त्यांनी ती दुरुस्त करणाऱ्याचाही विचार केला होता. म्हणूनच तिच्यावर आंधळेपणाने पैसे उधळलेले बघवत नाहीत.

स्पार्क नाही: क्रँक सेन्सर

१९८९ पासूनच्या गाड्यांमध्ये इंजिनाचा वेग आणि स्थिती मोजणारा हा सेन्सर इंजिनाच्या मागच्या टोकाला, फ्लायव्हीलच्या (इंजिनामागच्या जड चाकाच्या) वर, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूने बसवलेला आहे. फ्लायव्हीलच्या कडेवर साठ दात्यांची जागा आहे, त्यातले दोन मुद्दाम गाळलेले. ती मोकळी जागा समोरून गेली की कॉम्प्युटरला पिस्टन कुठे आहे ते कळतं. सेन्सर स्वतः टिकाऊ आहे, पण त्याची केबल एक्झॉस्टच्या उष्णतेत वर्षानुवर्षं भाजली जाते. वरचं आवरण कडक होतं, मग तडकतं, आणि आतली जाळी वायरला टेकू लागली की सिग्नल मधूनच नाहीसा होतो. गरम इंजिनाला जास्त, थंडाला कमी. लक्षणं रिलेसारखीच, फरक एवढाच की या वेळी ठिणगी नसते आणि टॅकोमीटरचा काटा हलत नाही.

इथे सुरुवातीला सांगितलेला, दोषाचे कोड दाखवणारा तो काळा डबा कामी येतो. इग्निशन ऑन करा, इंजिन सुरू करू नका. डब्यातली छोटी वायर सहा नंबरच्या भोकात खोचा, ते इग्निशनचं. बटण एक-दोन सेकंद दाबून सोडा आणि लाल दिव्याचे लुकलुक मोजा: तीन आकडे, मध्ये थोडा विराम. १-१-१ आलं तर दोष नोंदलेला नाही. २-१-४ आलं तर वेगाचा सिग्नल मधूनमधून तुटल्याची नोंद आहे, म्हणजे हाच सेन्सर. मग वायर दोन नंबरला लावून इंजेक्शनचे कोडही वाचून घ्या. हे सगळं बॅटरी काढण्याच्या आधी करा, बॅटरीची वायर सुटली की नोंदी पुसल्या जातात. आणि १-१-१ आलं म्हणून सेन्सरला निर्दोष ठरवू नका. केबल हाताने चाचपा. ती बिस्किटासारखी कुरकुरीत लागली तर कोड काहीही म्हणो, बदलून टाका.

बदलायला दहाचा एकच बोल्ट आहे. जागा अडचणीची, म्हणून लांब एक्स्टेन्शन आणि बारीक सॉकेट लागतं. बोल्ट घंटीच्या आकाराच्या गिअरबॉक्स-आवरणावर पडून खाली घरंगळू नये म्हणून सॉकेटमध्ये थोडं ग्रीस भरा, ते बोल्टला धरून ठेवतं. नवी केबल जुन्याच मार्गाने न्या.

सेन्सर चांगला असूनही ठिणगी नसेल तर डाव्या मडगार्डच्या आतल्या बाजूचं इग्निशनचं पॉवर स्टेज (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा भाग) आणि त्याचा कनेक्टर बघा. मिठाच्या पाण्याने त्याच्या पिना हिरव्या पडतात.

फ्यूज आणि अर्थिंग

यावर फार लिहायची गरज नाही, पण वगळू नका. डाव्या पुढच्या दाराजवळ पायापाशी असलेल्या फ्यूज पॅनेलमध्ये दोन्ही टोकांना टोकदार असे जुन्या पद्धतीचे फ्यूज आहेत. ते जळत नाहीत तरी टोकाशी गंजतात, आणि गंजलेला संपर्क तापून सुटतो. सगळे काढून टोकं आणि पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने घासा, शक्यतो फ्यूजच नवे घाला. दुसरा फ्यूज बॅटरीजवळ, डाव्या मडगार्डच्या आत आहे: २५ अँपिअरचा, पूर्ण इंजेक्शनला वीज देणारा. त्याचं घर पाण्याच्या वाटेवर असल्याने हमखास गंजतं. फ्यूज दिसायला शाबूत असतो, खालची क्लिप गेलेली असते. शिवाय इनटेक मॅनिफोल्डवर (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांच्या जोडावर) बोल्टने कसलेल्या अर्थिंगच्या वायरी सोडा, घासा, पुन्हा घट्ट करा.

आचके देत बंद पडत असेल

या गाडीला दोन पंप आहेत हे अनेकांना माहीत नसतं. टाकीतला छोटा पंप पेट्रोल मुख्य पंपापर्यंत ढकलतो, मुख्य पंप ते सुमारे ३ बारच्या दाबाने इंजिनाकडे पाठवतो. टाकीतला पंप मेला तरी गाडी चालते, कारण मुख्य पंप स्वतः ओढून घेतो. मात्र टाकी अर्ध्याखाली गेली आणि दिवस गरम असला की त्याला ते झेपत नाही. तो किंचाळायला लागतो, गाडी आचके देते. टाकी भरली की त्रास गायब होतो. असं महिनोन्महिने चालवलं तर मुख्य पंपही जातो, आणि नवा बसवला तरी टाकीतला मेलेलाच असल्यामुळे नवाही लवकर जातो.

तपासायला पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून कान द्या आणि दुसऱ्याकडून सेल्फ मारून घ्या. तोंडातून गुणगुण ऐकू आली पाहिजे. ऐकू येऊनही त्रास असेल तर पंपावरचा छोटा रबरी पाइप फाटलेला असतो आणि पेट्रोल टाकीतल्या टाकीतच फिरत राहतं. दोन्ही कामांसाठी डिक्कीच्या तळातलं झाकण उघडून पूर्ण संच वर काढावा लागतो. टाकी जवळपास रिकामी असताना, मोकळ्या हवेत, बॅटरी सोडून हे करा. पाइप बदलताना पेट्रोलमध्ये बुडून राहायला चालेल असाच घ्या. साधा पेट्रोल-पाइप फक्त आतून पेट्रोल सोसतो, बाहेरून विरघळतो.

१९८९ च्या आधीच्या गाड्या

तिथे बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत क्रँक सेन्सरच्या जागी डिस्ट्रिब्युटरच्या आत हॉल सेन्सर (चुंबकावर चालणारा सेन्सर) आहे. लक्षण तेच, आणि त्याच्या वायरीही तशाच तडकतात. पण १९८० च्या दशकात, साधारण १९८७ पर्यंत बनलेल्या गाड्यांमध्ये आधी इंजिनाचं वायरिंगच बघा. त्या काळच्या वायरींचं आवरण उष्णतेत भुगा होऊन गळतं. ऑइल प्रेशरच्या सेन्सरजवळची वायर हलक्या हाताने वाकवा. आवरणाचे तुकडे हातात आले आणि पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) कधीच बदललेला नसेल, तर बाकीचा तपास थांबवा. उघड्या वायरी एकमेकींना टेकत असताना कोणतीही चाचणी भरवशाची नाही. नवा हार्नेस तयार मिळतो.

सगळं ठीक, तरीही पंपाला वीज नाही

ठिणगी आहे, रिले नवा आहे, फ्यूज स्वच्छ आहेत, पंप थेट वायरने चालतो, आणि तरीही सेल्फ मारताना रिले पंपाला वीज देत नाही. आता राहिला कॉम्प्युटर. तो उजव्या बाजूच्या पायापाशी, बाजूच्या पॅनेलमागे आहे. त्यावरचा बॉशचा नंबर वाचा. शेवट ५६१ असेल तर पंपाचा रिले चालवणारा भाग जाणं हे त्याचं ओळखीचं दुखणं आहे. त्याच्या जागी ९५१ ने संपणारा बसवा, जुन्या गाड्यांच्या भंगारातून आलेलाही चालतो. काढण्या-बसवण्याआधी बॅटरी सोडलेली असू द्या.

दुरुस्ती झाली की लगेच खात्री करून घ्या. टाकी पावपर्यंत असताना, आतला हीटर पूर्ण लावून, गाडी तासभर चालवा. परत आल्यावर बंद करून दहा मिनिटांनी, म्हणजे सगळं सर्वांत जास्त तापलेलं असताना, पुन्हा सुरू करा. पहिल्या सेल्फला पेटली पाहिजे. लांबच्या प्रवासाला निघताना डिक्कीत जादा रिले, क्रँक सेन्सर, मूठभर फ्यूज, तो एक स्पार्क प्लग आणि दहाचं सॉकेट असू द्या. इस्टेट असेल तर मागच्या बाजूच्या पॅनेलमधल्या कप्प्यात हे सगळं मावतं.